वन्स मोअर कोणाचा

ऐंशीच्या दशकात माजरीच्या खदानीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. आज सांगितलं तर नातवंडं हसतात, पण तेव्हा घुग्घुसपासून वरोऱ्यापर्यंत लोक आम्हाला ऐकायला बैलबंड्या जुंपून यायचे. गायक आणि गिटारवाला दोघेही खदानीतले, एकाच पाळीचे, जानी दोस्त. मी कॉलनीच्या शाळेत बाई, ऑर्केस्ट्रात द्वंद्वगीतांपुरती. त्या तीन-चार गाण्यांसाठी मी अख्खा आठवडा ढकलत असे, हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं.

बिनसलं ते घुग्घुसच्या कार्यक्रमात. एका गाण्याच्या सुरुवातीला गिटारवाल्यानं स्वतःचा एक तुकडा बसवला होता. गाणं संपलं आणि लोकांनी वन्स मोअर दिला, तोही 'गिटार, गिटार' असं ओरडून. त्या गोंगाटात गायकानं तो आपलाच समजून हात जोडले आणि तुकडा गाळून थेट मुखडा सुरू केला. गिटारवाल्यानं गिटार खाली ठेवली ती ठेवलीच.

आठ दिवसांत त्यानं साहेबांना सांगून पाळी बदलून घेतली. आता एक घरी असला की दुसरा खदानीत. तालीम करणार कधी? मी दोघांच्या घरी चकरा मारल्या. गिटारवाल्याचं म्हणणं एवढंच होतं, की गायकानं एकदा येऊन चुकलो म्हणावं. तेच मी गायकाच्या कानावर घातलं. दोस्तानं भर कार्यक्रमात गिटार खाली ठेवल्याचा त्याचा राग उतरलेला दिसत होता.

"बाई, तुम्ही तं बाजूलेच उभ्या होत्या. खरं सांगा, लोकं कोनाले वन्स मोअर देऊन राह्यले होते?"

मला वाटलं, खरं सांगितलं तर हा माझ्यावरच रुसेल आणि गाणं कायमचं सुटेल. भित्री मेली! म्हणाले, "दोघांलेही."

"मंग मी काऊन माफी मागू?" असं शांतपणे म्हणून तो ड्युटीवर निघून गेला.

ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा राहिला नाही. शाळेत मी प्रार्थना म्हणत राहिले, पोरींचं गॅदरिंग बसवत राहिले. पण स्वतःची ओळ संपली की दुसऱ्या आवाजासाठी थांबायची सवय काही गेली नाही. अजूनही एकटी गुणगुणताना थांबते. खरं बोलले असते तर तो महिनाभर घुश्शात राहिला असता, मला चार शब्द सुनावले असते. ऐकून घ्यायला हवे होते. मला गायचं होतं हो.