गाळलेलं वाक्य

कांचनभाभी गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. माझा जुना विद्यार्थी तो. "बाई, आई सकाळी गेली. झोपेतच." त्याला आता दीड महिना झाला...

लोणीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मी पिंपळवंडीची, शेतकऱ्याघरची. शाळेतल्या नोकरीमुळं लोणीला आले आणि त्यांची शेजारीण झाले. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आलेल्या तापात भाभींचे दोन्ही कान गेले होते. बोलणाऱ्याचे ओठ बघून त्या इतकं अचूक ओळखत, की गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. त्यांच्याशी बोलायचं तर उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं. फक्त जैन स्थानकात, प्रवचनाला, त्यांचं काही चालत नसे. चातुर्मासात साध्वीजी प्रवचन देत त्या तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून. भाभी रोज पहिल्या रांगेत बसत आणि कोऱ्याच्या कोऱ्या उठून येत. "मला तिथं नुसते डोळे दिसत्यात गं," एकदा म्हणाल्या.

नव्वदच्या दशकातल्या एका चातुर्मासात मी त्यांच्याबरोबर गेले. माझी शाळा दुपारची होती. साध्वीजींना विचारून मी त्यांच्यापुढं, भाभींकडे तोंड करून बसले आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य आवाज न काढता ओठांनी सांगू लागले. परक्या घरची बाई साध्वीजींकडे पाठ करून बसते, हे काही जणींना रुचलं नाही. साध्वीजी एवढंच म्हणाल्या, की यांना नीट बैठक टाका.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका सकाळी कर्माबद्दल बोलताना साध्वीजी म्हणाल्या, की आंधळेपण, बहिरेपण ही मागच्या जन्मीच्या पापाची फळं. माझे ओठ मिटले. पुढच्या वाक्यापासून मी पुन्हा सुरू केलं. पण तेवढ्यात शेजारच्या बायकांनी वळून भाभींकडे पाहिलं होतं, आणि ते भाभींना दिसलं होतं.

घरी येताना त्या रस्त्यातच थांबल्या. काय गाळलंस, विचारलं. मी काही नाही म्हटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सांगितलं, तर पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "यापुढं गाळू नको. इतकी वर्सं समदी मला गाळूनच सांगत्यात."

दुसऱ्या दिवशी प्रवचन संपल्यावर भाभी साध्वीजींपुढं उभ्या राहिल्या. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं तो नेहमीच मोठा लागे. "महाराजसाहेब, मी कुठलं पाप केलं व्हतं?"

साध्वीजींनी क्षणभर डोळे मिटले. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आणि ठाऊक नसताना बोलायला नको होतं."

मी दोन्ही वाक्यं भाभींना सांगितली. वंदन करून त्या खाली बसल्या.

पुढं माझी जुन्नरला बदली झाली, तेव्हा माझी जागा त्यांच्या सुनेनं घेतली. कमी ऐकू येणाऱ्या दोन म्हाताऱ्याही तिच्यासमोर येऊन बसू लागल्या. सून गाळत काही नाही, पण मधेच डुलकी काढते, अशी भाभींची तक्रार होती.

परवा बँकेत गेले होते. खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, मॅडम, उन्हात का उभ्या? सावलीत या ना. मी सरकले. बोलता बोलता पुन्हा उजेडाकडे तोंड करून उभी राहिले.