कूलरसमोरची खुर्ची

दर उन्हाळ्यात कूलरला नवा वाळा बसवला, की त्याच्या पहिल्या ओल्या वासाबरोबर मला आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या बाई आठवतात.

शहात्तरच्या सुमाराचा मे असेल. सुट्टी असूनही बाई आम्हा मुलींसाठी सक्करदऱ्याच्या शाळेतलं ग्रंथालय उघडून बसायच्या. वर टिनाचं छप्पर, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. शाळेने दिलेला कूलर खिडकीत होता, पण बाई तो कधी लावायच्याच नाहीत.

एका दुपारी माझ्या पुस्तकावर शिक्का मारायला त्या वाकल्या. घामाचा थेंब पानावर पडू नये म्हणून त्यांनी एका हाताने हनुवटीखाली पदर धरला होता. मला राहवलं नाही.

"बाई, कूलर काहून लावत नाही?"

"मले घाम आला तं पुसता येते वं," त्या म्हणाल्या. "पुस्तकाले ओल लागली, पानं चिकटली, तं काय पुसू?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. ते खडखडीत कोरडं होतं. बाईंचं पोलकं मात्र पाठीवर पिळून काढावं इतकं भिजलं होतं. तेव्हा मला त्या जरा विक्षिप्तच वाटल्या.

आता माझ्या घरी कूलर सुरू व्हायच्या आधी पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत हलतं. "ओल लागते वं पुस्तकाले," असं मी नातीला अगदी बाईंच्या सुरात सांगते.

आणि मग खुर्ची ओढून कूलरसमोर बसते. बाईंएवढं काही मला जमलं नाही.