अकरा अंगठे एकाच बाईचे

“तलाठी, हे अकरा अंगठे एकाच बाईचे आहेत की नाहीत?”

प्रांतसाहेबांनी भिंग रजिस्टरवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मुरबाडची कचेरी माणसांनी भरली होती.

“आहेत, साहेब,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? आंधळ्यालाही दिसलं असतं.

मागे बसलेल्यांत एकदम गलका झाला. हरलेल्या उमेदवाराचे वकील कल्याणहून आले होते. ते मुद्दाम सावकाश उठले. “झालं तर मग, साहेब. एका बाईने अकरा मतं टाकली, आणि निकाल सात मतांच्या फरकाचा आहे.”

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा लोकल बोर्डावरचे एक सभासद वारले आणि धसईच्या बाजूला पोटनिवडणूक लागली. मी तिथला तलाठी, म्हणून मतदान घेणारा कारकूनही मीच. बोर्डात ज्यांची सत्ता होती त्यांचाच माणूस निवडून आला. विरोधकांनी अर्ज ठोकला की ही लबाडी आहे आणि तलाठी फितूर आहे. मतं पेटीत एकमेकांत मिसळलेली. अकरा खोटी ठरली तर सातांचा निकाल टिकणार नव्हता, आणि माझी नोकरीही.

आता हे अंगठे आले कुठून ते सांगतो. त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्याला होतं आणि काही घरांतल्या बायकांनाही होतं. मताचा कागद हातात देण्याआधी मतदाराने यादीतलं नाव सांगायचं आणि रजिस्टरवर अंगठा करायचा. काम एवढंच. पण यादीत बायकांची नावं होती ती ‘सखाराम धोंडू याची बायको’ अशी. बाईने नाव सांगायचं म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तेही चारचौघांत! छे, छे. आमच्याकडे बायका एकवेळ विहिरीत उतरतील, पण हे करणार नाहीत.

सकाळी अकरा बायकांचा घोळका आला. खळ्यावरची झोडणी टाकून आल्या होत्या. पदराला भाताचा कोंडा तसाच. मी विचारलं, “नाव?” पहिली गप्प. दुसरी पदर तोंडात धरून हसली. बाहेर रांग वाढत चाललेली आणि मला घाम फुटलेला.

त्यांच्याबरोबर गावची सुईण ठकूबाई आली होती. ती पुढे झाली. “मी सांगते की! ही सख्या धोंडूची. त्याला मीच बाहेर काढला, त्याचं नाव घ्यायला मला कसली आलीय लाज?” मग एकेका बाईला पुढे ढकलत तिने अकराही नावं घडाघडा सांगितली.

तिथे माझी चूक झाली. आम्हा महसूलवाल्यांना एक सवय असते. पंचनामा असो, वारसाचा जबाब असो, जो सांगतो त्याचा अंगठा घ्यायचा. नाव सांगितलं ठकूबाईने, म्हणून अंगठाही घेतला तिचाच, अकरा वेळा. मतदाराचा घ्यायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत सरावलेला हात, त्याने आपलं काम केलं!

मी हे सगळं सांगितल्यावर वकील हसले. “गोष्ट चांगली रचली आहे.”

प्रांतसाहेबांनी ठकूबाईला पुढे बोलावलं. “बाई, खरं सांग. तू किती मतं टाकलीस?”

“एकबी नाय, सायेब.”

“एकही नाही?”

“माजं मतच नाय. जमीन नाय, सारा नाय, मत कुठून आनू? आमी निसत्या नाव सांगायच्या धनी.”

कचेरी हसली. वकीलही हसले, पण लगेच सावरून म्हणाले, “मग त्या अकरा जणी आल्या होत्या कशावरून?”

साहेबांनी अकराही जणींना, घरच्या माणसांसकट, बोलावणं धाडलं होतं. त्या बाहेर वडाखाली बसल्या होत्या. नवऱ्यांनी एकेक करून पुढे यावं, आपली बायको दाखवावी आणि तिने मत दिल्याचं शपथेवर सांगावं, असं ठरलं. दहा जणांनी दाखवल्या. दहा जणींनी मान हलवून, हळू आवाजात, ‘व्हय, टाकलं’ म्हटलं. माझ्या जिवात जीव आला.

अकरावी विधवा होती. तिला कोण दाखवणार?

“हिने स्वतः यादीतलं नाव सांगितलं पाहिजे,” वकील म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं.

साहेबांनी विचारलं. बाई खाली बघत उभी. ठकूबाईने तोंड उघडलं तसं साहेबांनी तिला हातानेच थांबवलं. शेवटी ते म्हणाले, “असू द्या. हिचं एक मत रद्द धरू. निकालाला काही धक्का लागत नाही.” लोक उठायला लागले. खरं सांगतो, मीही माझी टोपी उचलली. माझी नोकरी वाचली होती.

“रद्द का म्हनून?” ती बाई म्हणाली. “मी पायी आले, दोन डाव. तवा बी, आन आज बी. माजं नाव इचारा. भागीरथी. हे घ्या, सांगितलं.”

साहेब माझ्याकडे वळले. “यादीत भागीरथी आहे?”

“नाही, साहेब. ‘बाळू राघो याची विधवा’ असं... म्हणजे नवऱ्याचं नाव आहे.” ते माझ्याच तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

“आता तुम्हीच सांगितलंत, त्याचा काय उपयोग? हिचं स्वतःचं नाव का नाही? यादी कोणी केली?”

“मीच.”

“विचारलं होतंत?”

कोणी विचारतं का? घरच्या पुरुषाला विचारलं आणि लिहिलं.

बाईने डोक्यावरचा पदर नीट केला. “बाळू,” ती म्हणाली. थांबली. मग मोठ्याने म्हणाली, “बाळू राघो. आता रागवाया तरी कुठं हाय त्यो.” आणि ती रडायला लागली. ठकूबाईने तिला धरून बाहेर नेलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराही मतं धरली गेली आणि निकाल कायम झाला. जिंकलेल्यांनी मुरबाडला मिरवणूक काढली, सत्याचा विजय म्हणून. हरलेले शेवटपर्यंत म्हणत राहिले की प्रांतसाहेब सरकारचाच माणूस. त्या बायकांची मतं कोणाला गेली हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या सर्व्हिस बुकात ताकीद लागली ती कायमची, आणि ती योग्यच होती.

पुढची यादी करायला मी आधी भागीरथीबाईंच्या दारी गेलो. मग बाकीच्या दहा घरी. प्रत्येक ओसरीवर घरधनी बसलेला. “तुमच्या बायकोचं नाव?” मी विचारलं. सात जणांनी सांगितलं. तिघे म्हणाले, “थांबा भाऊसाहेब, आत इचारून सांगतो.”