बाबांची दाद

जर्मनीत लुडविग्सहाफेनला प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि दोन-तीन वर्षांत मला ऑपेराचं वेड लागलं. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत माझी उन्हाळ्याची सगळी रजा संगीत महोत्सवांत जायची. कधी किल्ल्याच्या अंगणात, कधी एखाद्या मठाच्या आवारात. खेळ संपला की कलाकारांच्या दारापाशी जाऊन उभं राहायचं, ही माझी आणखी एक खोड. खर्जात गाणाऱ्या एका धिप्पाड गायकाने मला तिथे उभ्याउभ्या बटाट्याच्या सॅलडची कृती सांगितली आहे. नवऱ्याला यातलं काही झेपत नसे. पहिल्याच अंकात त्याची मान पडायची.

एका उन्हाळ्यात सासरे तीन महिने राहायला आले. पुण्यात त्यांनी गाण्याची मैफल कधी चुकवली नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी ऐकू कमी येऊ लागलं, कानाला मशीन लागलं आणि लाउडस्पीकरचा आवाज त्यात नुसता खरखरू लागला. त्यांनी गाणं ऐकणंच काय, गुणगुणणंही बंद केलं. शिवाय घरात आम्ही सगळे उठसूट, ‘नाही हो बाबा, तसं नाही म्हटलं,’ असं त्यांना दुरुस्त करायचो. हळूहळू ते बोलेनासेच झाले. मला ते बघवत नव्हतं.

ऑपेरात गायकापुढे माइक नसतो. नुसत्या गळ्यातून आलेला आवाज तरी त्यांना नीट ऐकू येईल, असं माझ्या मनाने घेतलं. नाही आला तर उरलीसुरली आशाही जाईल, म्हणून नवरा नको म्हणत होता. मी हट्टाने दोन तिकिटं काढली. रविवार दुपार, जुन्या राजवाड्यातलं लहानसं थिएटर, दुसरी रांग. इथे मध्येच बोलायचं नाही, असं मी गाडीत दोनदा बजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यातलं किती पोचलं, देव जाणे.

दुसऱ्या अंकात नायिका एकटी गायला उभी राहिली. संथ गाणं होतं, थिएटर चिडीचूप. आणि ऐन मध्यात बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, “वा!”

पुढची आख्खी रांग मागे वळली. शेजारच्या आजींनी तर, इथल्या सक्तीच्या शांततेच्या रविवारी मी भिंतीला ड्रिल लावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचा हात दाबला. ते एवढंसं तोंड करून गप्प बसले, ते शेवटपर्यंत. मला त्यांची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला. त्यांना खरंच ऐकू आलं होतं, की समोर गाणं चाललंय म्हणून सवयीने दाद गेली? विचारायचा धीर होईना.

खेळ संपल्यावर माफी मागायला मी त्यांना कलाकारांच्या दाराशी नेलं. नायिका झालेल्या बाई सायकलचं कुलूप काढत होत्या. आमच्याकडे गाणं चालू असतानाच दाद देतात, असं मी ओशाळून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पण दाद नेमकी कशाला होती, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी बाबांच्या कानाशी वाकून विचारलं.

“वर जाताना बाईंचा दम कमी पडला,” ते म्हणाले. “स्वर उतरायला लागला होता. त्यांनी तो अलगद सावरला. त्याला दाद नको द्यायला?”

आणि तेवढी जागा त्यांनी गुणगुणून दाखवली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गळ्यातून सूर निघाला होता. इतके महोत्सव पालथे घालूनही मला तिथे काही म्हणता काही कळलं नव्हतं.

कुणाची चूक तिच्या तोंडावर सांगायची, म्हणून मी भीतभीतच त्याचं जर्मन केलं.  बाई “गेनाऊ,” म्हणाल्या आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. आपला तो उतरता स्वर कुणाच्या लक्षात आला नसेल, असं बाईंना वाटत होतं.

“काय म्हणाल्या गं?” बाबांनी विचारलं.

मी पुन्हा त्यांच्या कानाशी वाकले. “म्हणाल्या, तुम्ही बरोबर ऐकलंत.”

हे त्यांना पहिल्या खेपेलाच स्पष्ट ऐकू आलं होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. तरी त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.