मठातला निकाल आणि पुरणपोळी

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, वादात कधी हरले नाहीत. समोरचा दमायचा, एवढंच.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव जिंतूरजवळचं. पलीकडच्या एका गावात जाळपोळ झाली आणि तिथलं एक कुटुंब बैलगाडीतून आमच्या वेशीशी येऊन थांबलं. त्यांना ठेवून घ्यायचं की पुढे वऱ्हाडात धाडायचं, यावर सकाळपासून मठात चर्चा चालली होती. ठेवलं तर जाळणारे आपल्यावर येतील, असं मामंजींचं म्हणणं. त्यांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा, पण तो तर रोजच यायचा. मी नवी सून, मला काय चाललंय ते कोण सांगणार? माझं सगळं लक्ष पुरणावर, कारण त्याच दिवशी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते.

तेवढ्यात दारात माणसं दिसली. पुढे कपाळाला विभूती लावलेली म्हातारी, मागे सून, दोन लेकरं आणि एक तरणा मुलगा. "वैनी, पाव्हणे!" म्हणत नणंद आत पळाली. उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी, मग जेवण आणि विचारपूस त्यानंतर, ही आमच्या घरची रीत. मी रीतीप्रमाणे पानं मांडली. त्यांची बोचकी बघून शंका यायला हवी होती. पण मुलगा देखणा होता, नणंदेचं नशीब उघडलं म्हणून मी खुशीत होते.

त्यांची दुसरी पोळी चालू असताना मामंजी निकाल घेऊन आले. लगोलग पुढे जायचं, असं ठरलं होतं.

"अण्णा, तुमच्या गावानं ठेवून घेतलं, लय उपकार झाले," म्हातारी म्हणाली.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता ते सगळ्यांना उठवणार, असंच मला वाटलं. पण त्यांनी जन्मात कुणाला भरल्या पानावरून उठवलं नव्हतं.

"तूप वाढ की, बघायलीस काय?" असं म्हणून ते तसेच मठात परतले आणि सकाळइतक्याच जोरात उलट बाजूने भांडले.

"आवो, सकाळपासून आमी हेच म्हनायलोय!" कुणीतरी कळवळून ओरडलं.

"तुमाला नीट म्हनताच आलं न्हाई!" मामंजी म्हणाले आणि पुन्हा जिंकले.

खरे पाहुणे दुपारी आले. त्यांना पिठलं-भाकरी मिळाली, भाकऱ्या म्हातारीने थापलेल्या. सोयरीक जमली. मुलगा मात्र तितका देखणा नव्हता.

राजवट संपेपर्यंत ती माणसं आमच्याकडेच राहिली. निघताना म्हातारीने माझं तोंड ओंजळीत धरलं. "पोरी, रस्त्यात समद्यांनी दारं लोटून घेतली. तू इचारलं बी न्हाई, कोन म्हनून."

मी नुसती हसले. कोण आहेत ते कळलं असतं, तर मीही दार लोटून मठातल्या निकालाची वाट बघत बसले असते. तिला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.