देवळात बसतात तशी बैठक

छडी मीच बंद केली, कोणी सांगितलं नव्हतं. डिचोलीकडे खाणीजवळच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घ्यायचे. एका मुलाच्या हातावर मीच उठवलेला वळ बघितला आणि मला जेवण गेलं नाही. हेडमास्तर हसले. म्हणाले, "बाई, महिनाभर बघू. पोरं डोक्यावर बसली की छडी मी स्वतः तुमच्या हातात देईन." असा राग आला मला! म्हटलं, दाखवतेच.

पोरांना सांगितलं, कोणी चुकलं तर सगळ्यांनी बसून ठरवायचं. "कसं बसायचं, बाई?" "देवळात गावकार बसतात ना, तसं." आमच्या गावी, पार्शाला, माझे वडील आणि मूळ घराण्यांतले बाकीचे गावकार तसेच बसायचे. न्याय म्हणजे मला तेवढाच ठाऊक. पहिल्या दोन बैठका झकास झाल्या. मारामारी केलेल्या दोघांनी मिळून फुलझाडांना पाणी घातलं. मी तर हवेतच!

मग वर्गातला माठ फुटला. आळ आला एका मुलीवर. तिचा बाप सावंतवाडीकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. पोरं गोल करून बसली, तिला दाराशी उभं केलं. आठवडाभर तिने एकटीने वर्ग झाडायचा, असं ठरलंसुद्धा.

"अरे मेल्यांनो, तिला विचारलंत तरी?"

"ती कशी बोलतली, बाई?" मधे बसलेला मुलगा म्हणाला, अगदी साधेपणाने. "ती भायली, दुसऱ्या गावची. देवळात भायल्यांक विचारतत काय?"

लबाडी कोणीच केली नव्हती हो! मी सांगितलं तस्संच केलं होतं. निकाल मोडला तर बैठक संपली, आणि हेडमास्तर छडी घेऊन तयारच. नाही मोडला तर ही पोर आठवडाभर सगळ्यांदेखत झाडू मारणार. मी पुरती अडकले. "उद्या बघू," एवढंच म्हणाले आणि वर्ग सोडला. आजही सांगायला लाज वाटते.

सगळी गेली, ती थांबली. माझ्यासमोर आली आणि तळहात पुढे केला.

"बाई, छडी मारा नि मोकळी करा."

"अगो, माठ तू फोडलास?"

"नाय."

"मग मार कशाला मागतेस?"

"छडी बरी होती, बाई. ती सगळ्यांका सारखीच लागायची."