होयबाचं मत

गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना सलूनवाल्यानं वाद घालायचा नसतो, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. वडील गेले, सलून त्याच्याकडे आलं, आणि ह्या पठ्ठ्यानं तो नियम इतका मनावर घेतला की वस्तरा खाली ठेवल्यावरही तो कुणाशी वाद घालेना. उन्हाळा वाईट म्हणा, "अगदी खरं!" उन्हाळाच बरा म्हणा, "तेही खरंच की!" लोकांनी त्याचं नाव ठेवलं होयबा. ते त्यालाही ठाऊक होतं, आणि त्यावरही त्याची काही तक्रार नव्हती.

दर रविवारी सकाळी त्याच्या दोन खुर्च्यांवर दोन जुने मित्र शेजारी शेजारी बसायचे. एक निवृत्त हेडमास्तर, दुसरे कोपऱ्यावरचे केमिस्ट. दोस्ती शाळेपासूनची आणि भांडणंही शाळेपासूनची. केमिस्ट चहा गोड झालाय म्हणाले की हेडमास्तर म्हणणार, साखरच नाही ह्यात. केमिस्टच्या कुठल्याही बोलण्याला ह्या गृहस्थांनी जन्मात दुजोरा दिलेला नव्हता. होयबा दोघांचीही री ओढत फेस फिरवायचा आणि सकाळ मजेत जायची.

मग तो सिनेमा आला. घोडे, बंदुका, धूळ आणि टोप्या, चांगला चार तासांचा वेस्टर्न. दिग्दर्शकानं म्हणे राहतं घर विकलं, माळावर खरंखुरं लाकडी गाव उभं केलं आणि शेवटी पेटवून दिलं! बघणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, असं काही आजवर झालंच नाही. दुसरा म्हणे, नुसता पैशांचा चुराडा. केमिस्ट पडद्यासमोर देहभान विसरून बसले. हेडमास्तर मध्यंतरातच उठून घरी गेले.

आता एवढ्यावरून कुणी जन्माच्या मित्राशी बोलणं टाकतं का? टाकतं, महाराज. केमिस्ट म्हणाले, "सलूनवाल्यालासुद्धा आवडलाय." हेडमास्तर म्हणाले, "काहीतरीच! माझ्यासमोर त्यानं सिनेमाला कचरा म्हटलंय." "म्हणजे मी खोटारडा?" "अर्धवट तर आहेसच." शब्दानं शब्द वाढला. त्यानंतर एक जण मंगळवारी दाढीला यायला लागले, दुसरे गुरुवारी. रविवारी खुर्च्या रिकाम्या. होयबाला अन्न गोड लागेना.

"तुम्हीच लावलीत ही काडी," बायको म्हणाली. "ह्यालाही हो, त्यालाही हो! आता तुम्हीच निस्तरा. आणि तुम्हाला स्वतःला कसा वाटला हो सिनेमा?"

"तू तर थिएटरात माझ्या शेजारी झोपली होतीस."

"शेवटी तुम्ही हुंदके द्यायला लागलात, तेव्हा जाग आली मला."

होयबानं दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, रविवारी सकाळी लवकर या, दुसरे हल्ली फिरकत नाहीत.

केमिस्ट आधी आले. त्यांच्या तोंडाला फेस लावून झाला तेवढ्यात हेडमास्तर आत शिरले आणि त्यांना बघून तसेच मागे वळले. होयबानं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला दंडाला धरलं, खुर्चीत बसवलं आणि थेट ओठांपर्यंत फेस चढवला. तोंडात साबण जायच्या भीतीनं हेडमास्तरांचंसुद्धा भाषण अडकलं.

"मी तुम्हा दोघांशी खोटं बोललो," होयबा म्हणाला. त्यानं वस्तरा ठेवून दिला. "सर, मधे तासभर मीही पेंगलो. गाव जाळलं तेव्हा मलाही वाटलं, काय ही नासाडी! पण साहेब, शेवटी तो म्हातारा घोडेस्वार घरी येतो आणि त्याची मुलगी एका शब्दानं काही न विचारता त्याला जेवायला वाढते ना, तिथं मी रडलो. माझे वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो. मला आवडला सिनेमा. फुकट दाखवला तरी परत नाही बघणार, पण आवडला."

हेडमास्तरांचे खांदे हसून हसून गदगदायला लागले. "अरे, ह्याला मत आहे!"

केमिस्ट हसले नाहीत. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"आमची ही आजारी होती तेव्हा मी तिला हॉस्पिटलातून घरी आणलं," ते होयबाला म्हणाले. "मुलं म्हणत होती, नका आणू, अजून इलाज बघू. ती गेल्यावर ह्याच खुर्चीत बसून मी तुला विचारलं होतं, माझं चुकलं का? तू म्हणालास, तुम्ही अगदी बरोबर केलंत. तेवढ्या शब्दावर मी दिवस काढतोय रे. तेही असंच म्हणाला होतास का?"

"नाही साहेब! ते खरं होतं. अगदी खरं!"

बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. उन्हाळ्याबद्दल म्हणायचा तसंच. ते मनापासून होतं हो, देवाशपथ मनापासून होतं, पण आता ते कुणाला पटवणार? केमिस्टनी नुसती मान हलवली आणि उठून खिशात पैसे चाचपायला लागले. होयबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ए, बस खाली," हेडमास्तर म्हणाले. फेसानं भरलेल्या तोंडानंच ते उठले आणि मित्राच्या समोर जाऊन उभे राहिले. "मी तुला कधी हो म्हणालोय?"

"कधीच नाही."

"दुकान काढलंस तेव्हा?"

"बुडशील म्हणालास."

"लग्न ठरवलंस तेव्हा?"

"तेव्हाही नाहीच म्हणालास."

"मग आता नीट ऐक. मी तिला भेटायला तुझ्या घरी आलो होतो. खिडकीपाशी पडली होती. मला म्हणाली, इथं बरं वाटतंय." हेडमास्तरांनी बाहीनं तोंडावरचा फेस पुसला. "बरोबर केलंस तू. ऐकलंस? बरोबर केलंस."

केमिस्ट मटकन खुर्चीत बसले आणि टॉवेल तोंडावर धरून लहान पोरासारखे रडले.